तिसरी पुकार

माझ्या पुतण्याने घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तेव्हापासून रोज सकाळी सहाला माझ्या फोनवर सूर्य उगवतो. खाली तळं, तळ्यात कमळ, आणि कमळावर गुलाबी अक्षरांत धीर धरण्याविषयी एखादं वचन. पाठवणारे चिरंजीव अमरावतीतल्या पंचवटी चौकात सिग्नलला दहा सेकंद थांबत नाहीत, पण मला मात्र रोज थांबायला सांगतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईने आता आणखी कशाची वाट पाहायची, असं एकदा विचारणार होते, पण ग्रुपवर बरं दिसत नाही. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि चहा ठेवते.

सबुरीचं माझं शिक्षण बाळापुरात झालं, आणि शिकवणारे घरचेच होते. बाबा गावातल्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर. आत डॉक्टरसाहेब नाडी पाहत, बाहेर लाकडी खिडकीशी बाबा बाटल्यांत लाल औषध भरत, वर कागदाची पट्टी चिकटवत आणि खोळंबलेल्या माणसांना म्हणत, "बसा बापा, घाई केल्यानं ताप उतरत नाई." लोकांना थांबवून ठेवणं हा आठवड्याचे सहा दिवस त्यांचा पेशा होता आणि सातव्या दिवशी धर्म. कारण रविवारी हेच बाबा आमच्या मंडळीचे पंच होते. मंडळी म्हणजे आठ घरं, चर्च म्हणजे एक कौलारू खोली, आठ बाकं आणि एक हार्मोनियम, जिचा एक सूर पावसाळ्यात बसला की थेट उन्हाळ्यात उठायचा. पाळकसाहेब अकोल्याला राहत. त्यांच्याकडे आमच्यासारख्या चार-पाच मंडळ्या असल्यामुळे आमच्या वाट्याला महिन्याचा पहिला रविवार येई. बाकीचे रविवार बाबा सांभाळत, आणि त्यांचा उपदेश कुठूनही निघाला तरी एकाच थांब्यावर येऊन उभा राही: देवाच्या वेळेची वाट पाहा. आईचं म्हणणं असं, की देवाकडे घड्याळ असेलच तर ते बाबांनीच दुरुस्तीला नेलेलं असणार.

आई बोलायला तिखट आणि हाताला त्याहून तिखट. तिच्या ठेच्याने पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून जेवढं पाणी काढलं तेवढं त्यांच्या प्रवचनाने आमच्या डोळ्यांतून कधी काढलं नाही. पहाटे खलबत्त्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, मग बाबांची प्रार्थना. तीही अशी लांब, की ती संपेपर्यंत तव्यावरची भाकर आईला अर्ध्यात उठून दोनदा उलटावी लागे. प्रार्थनेत डोळे उघडणं पाप, असं मला शिकवलेलं होतं. आईला ते कोणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

माझी बहीण सुमनताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. स्वभावाने इतकी शांत, की शेजारच्या बाया मला नावं ठेवताना तिचं उदाहरण देत. मॅट्रिक होऊन ती घरीच होती, आणि गेली दोनेक वर्षं रोज सकाळीच बाबांचा डबा घेऊन दवाखान्यात जाई आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत येई. तीन भाकरी आणि वांग्याची भाजी खायला एवढा वेळ कसा लागतो, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. रविवारचा शास्त्रपाठ वाचायचं कामही बाबांनी तिच्याकडे दिलं होतं. पोरीबाळींना पुढे केलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि मंडळी त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करी. मीही पोरीबाळींतच मोडत होते, पण मला कोणी पुढे करत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ताईची सोयरीक जुळली. मुलगा सुधाकर, अमरावतीचा, वलगावच्या शाळेत मास्तर. घरी एकटी आई, आणि ती एकटीच चौघींना पुरून उरेल अशी. मुलाने ताईला पाहिलं, ताईने चहा सांडला, दोघं एकदम "राहू द्या" म्हणाली, आणि तेवढ्यावर ठरलं. आईने त्याच आठवड्यात गहू भिजत घातले. लग्नाच्या कुरडया उन्हाळ्यातच होतात. चीक शिजवून साच्यातून पाडायच्या आणि खाटेवर वाळवायच्या. मोठा पत्र्याचा डबा गळ्यापर्यंत भरला. पाऊस उघडला की लग्न, असं ठरलं होतं, म्हणून त्या डब्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. ताईची पांढरी साडीही ट्रंकेत जाऊन बसली.

आता पुकारीचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाआधी तीन उपासनांत पुकार होते. वर कोण, वधू कोण, कोणाची लेक, कुठल्या मंडळीतली, हे पाळकाने दिलेल्या कागदावरून सगळ्यांसमोर वाचायचं आणि शेवटी विचारायचं, की या लग्नाला कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगा. मग वाचणाऱ्याने प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात एकदा म्हणण्याइतका वेळ थांबायचं. कोणी उठलं नाही की एक पुकार झाली. लगोलगचे तीन रविवार, किंवा पाळकच वाचणार असेल तर त्याच्या लगोलगच्या तीन खेपा, की झालं. पाळक हजर नसेल तर पंचाने वाचायची, ही रीत सगळीकडे होती. पण बाबा म्हणाले, "स्वतःच्या पोरीची पुकार म्या स्वतःच वाचू काय? शोभत नाई. पाळकसाहेबच वाचतीन." यावर मंडळी पुन्हा एकदा भारावली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येणार, म्हणजे तीन रविवारांचे तीन महिने होणार, हा हिशेब त्या भारावलेल्या अवस्थेत कोणी केला नाही.

पहिली पुकार श्रावणात झाली. दुसऱ्या महिन्यात पाळकसाहेबांना हिवताप. आता पाळकसाहेब होते नगरकडचे, नियमाला एकदम पक्के. तिसऱ्या महिन्यात आले ते म्हणाले, "खंड पडला. पहिल्यापासून सुरू करावं लागेल." केलं. पहिली झाली, दुसरी झाली, तोवर डिसेंबर लागला. पाळकसाहेब म्हणाले, "आगमनकाळ आहे. हा प्रभूची वाट पाहण्याचा काळ, यात लग्नाच्या गोष्टी नकोत." नाताळ झाला, पुन्हा खंड, पुन्हा पहिल्यापासून. बाबा दर वेळी मान डोलावून म्हणत, "देवाच्या टायमावर होते सारं." मला तर वाटायला लागलं होतं, की देवाला आमच्या घरातलं लग्न सोडून दुसरं काही अडवायला उरलेलं नाही.

या सगळ्यात सुधाकर दर पहिल्या रविवारी यायचा. अमरावतीहून पहाटेची बस, अकोल्याला बदलायची, बाळापुरात उतरायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, स्वतःचं नाव ऐकायचं किंवा ऐकायला न मिळताच जेवायचं आणि परत. मी त्याला 'मासिक भाऊजी' म्हणत असे. जेवायला कोंबडीचा रस्सा असे. तंगडी पाळकसाहेबांना, मान सुधाकरला. तो ती मान इतकी मन लावून खाई, की मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. आणि पाळकसाहेबांना तळलेल्या कुरडया फार आवडत. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून लग्नाचा डबा उघडला गेला, आणि एकदा उघडलेला डबा दर महिन्याला खाली खाली जात राहिला. आई झाऱ्याने कुरडया काढताना म्हणाली, "पोरीचं लगन होईन तवा वऱ्हाडाले हा डबाच चाटाले देईन मी."

जानेवारीत पहिली पुकार झाली. फेब्रुवारीत दुसरी होणार आणि मार्चमध्ये तिसरी. पण मध्येच भस्म बुधवार येत होता, आणि तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. त्यात लग्न नाही आणि पुकारही नाही. फेब्रुवारीच्या त्या रविवारी सुधाकर आला तो तोंड उतरवूनच. चहाच्या वेळी मागच्या अंगणात ताईला म्हणाला, "आई आता थांबत नाही म्हणते. भस्म बुधवारच्या आत झालं तर ठीक, नाहीतर तिनं परतवाड्याची मुलगी पाहून ठेवली आहे." ताई म्हणाली, "तुमी काय म्हणता?" तो म्हणाला, "मी तर थांबतो. पण आईपुढं माझं किती चालतं ते तुम्हाला माहीत आहे." ताईने कप विसळायला घेतला आणि विसळतच राहिली. मी तुळशीच्या पलीकडे कपडे वाळत घालत होते. हो, आमच्या अंगणात तुळस होती, खोकल्यासाठी. पाळकसाहेबांना ती कधी दिसली नाही किंवा त्यांनी पाहिली नाही.

तासाभराने चर्चमध्ये पाळकसाहेबांनी दुसरी पुकार वाचली. "कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगावं," म्हणाले आणि डोळे मिटून थांबले. आणि मी उभी राहिले.

पंधरा वर्षांची पोरगी, दोन वेण्या, सख्ख्या बहिणीच्या लग्नाला हरकत घ्यायला उभी. बाकं करकरली. आईने माझी ओढणी खाली ओढली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटून उघडून पाहिले.

"काय हरकत आहे तुझी?"

"लग्नाले नाई," मी म्हणाले. तोंड आता थांबायला तयार नव्हतं. "तीन वर्सांमांगं फिलिपकाकाच्या पोरीची पुकार बाबांनीच वाचली होती. लागोपाठ तीन रविवारांत झाली. मंग ताईचीच कावून लटकून राहिली? देवाले घाई नसन, पण देवानं थांबा म्हणून कोणाले सांगतलं, ते तरी कळू द्या."

पाळकसाहेब रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते नियमाचे माणूस, आणि नियम माझ्या बाजूने होता. ते बाबांकडे वळून म्हणाले, "मी तर उन्हाळ्यातच म्हणालो होतो, की तुम्ही वाचलीत तरी चालेल. मुलीचं बरोबर आहे. तिसरी पुढच्या रविवारी तुम्ही वाचा. मंगळवारी मी येऊन लग्न लावतो. भस्म बुधवारच्या आत होऊन जाईल."

बाबा म्हणाले, "पाहू."

"पाहू नाई," बायकांच्या बाकावरून आई म्हणाली, "वाचा."

मला वाटलं, ताई माझ्या गळ्यात पडेल. शेवटच्या बाकावरचा सुधाकर तर टाळ्या वाजवायचाच बाकी होता. ताई मात्र घरी आल्यावर चुलीपुढे बसून मला म्हणाली, "तुले कोणी सांगतलं होतं उभं राहाले?" तिचे डोळे भरलेले होते. भलं करायला जावं आणि वर हे ऐकावं! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. बाबाही बोलत नव्हते. घरात आवाज फक्त आईचा. तिने पिवळी पडलेली पांढरी साडी ट्रंकेतून काढून निळीत बुडवली होती आणि ती साडीशीच बोलत होती.

बुधवारी शाळा दुपारीच सुटली, म्हणून ताईला चार शब्द सुनवायचे ठरवून मी दवाखान्यात गेले. खिडकीबाहेर आठ-दहा माणसं बसलेली. मी मागच्या दाराने आत शिरले आणि तशीच उभी राहिले. ताई बाबांच्या मागे स्टुलावर बसून डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी हळूच वाचून दाखवत होती. बाबा फळीवरून बाटली उचलत, बूच काढून नाकाशी नेत, आणि मग माप भरत. पट्ट्या ताईच लिहून देत होती. एकदा बाबांनी बाटली उचलली आणि ताई खोकली. बाबांनी ती ठेवली, शेजारची उचलली, वास घेतला, मान हलवली. दोघांचं हे इतकं सरावाचं होतं, की बाहेरच्या म्हातारीला वाटलं, पोरीला खोकला झाला आहे. "औषधाच्या घरात राहून खोकते वो पोरगी," ती म्हणालीसुद्धा.

ताईने मला मागच्या लिंबाखाली नेलं. "बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडला हाये," ती म्हणाली. "अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, अजून पिकला नाई, पिकू द्या, मंग काढू. तवापासून असंच चालू हाये. डॉक्टरसाहेबाले कळलं तर काम जाईन म्हणून कोणालेच सांगतलं नाई, आईलेही नाई. पुकार कशी वाचतीन ते?"

"पाठ करून म्हणाची ना! तू पढवली असती."

"म्हटलं होतं म्या. म्हणे, देवाच्या घरात वाचल्याचं सोंग मी करणार नाई."

दवाखान्यात सोंग चालत होतं, चर्चमध्ये नाही. बाबांचा प्रामाणिकपणा असा जागा पाहून बसणारा होता. पण बसला की उठत नसे, हेही खरं. त्या माणसाला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. मध्ये जी जागा उरली तिला ते सबुरी म्हणत, आणि देवाचं नाव देऊन आम्हा सगळ्यांना तिथे बसवून ठेवलं होतं.

"अन् तू?" मी विचारलं. "तुहं लगन मोडन ना!"

"त्यायनं आपल्या तोंडानं सांगावं म्हणून थांबून राहिली मी," ताई म्हणाली. "मी गेल्यावर बाटल्या कोण वाचन, त्याचाबी इचार करते." मग तिने पदराने नाक पुसलं आणि आत गेली, कारण आत बाबा उगाचच खाकरत होते.

मला स्वतःची लाज वाटली. माझं तोंड मी तोवर मोठं धारदार हत्यार समजत होते. पहिल्यांदाच ते चालवलं आणि लागलं ते बाबांना. रविवारपर्यंतचे तीन दिवस मी मनापासून प्रार्थना केली, की पाळकसाहेबांनी निरोप पाठवावा, कागद हरवावा, निदान चर्चचं एखादं कौल तरी पडावं. काही पडलं नाही.

रविवारी सुधाकर आला होता. या खेपेला पहिला रविवार नसतानाही. सोबत त्याची आई, पुढच्या बाकावर, लग्न होतंय की मोडतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. गाणं झालं, शास्त्रपाठ ताईने वाचला, आणि बाबा उठले. खिशातून पाळकसाहेबांचा कागद काढला, घडी उलगडली, तो आधी जवळ धरला, मग लांब. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. ताईने मान खाली घातली. मी मनात म्हटलं, पाठ म्हणा बाबा, म्हणून टाका, देव समजून घेईल.

बाबांनी कागद खाली घेतला.

"मले दिसत नाई," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले. दवाखान्यात सुमन वाचते, मी भरतो. इथंबी तिलेच वाचाले लावलं. तुमाले सांगाले पायजे होतं. देवाले टाइम पाहिजे होता असं मीच म्हणत राहिलो. टाइम मले पाहिजे होता." मग कागद पुढे करून म्हणाले, "निमा, इकडे ये. हरकत तुही होती ना? तूच वाच."

पुढचं इथेच सांगून टाकते. सोमवारी बाबा स्वतः डॉक्टरसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. डॉक्टरसाहेब म्हणाले, की नाकाने बाटल्या ओळखणारा कंपाउंडर वर्षभरापासून पाहतोय, पण सुमन मागे बसते तोवर काळजी नव्हती, आणि तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. म्हणजे बाबा देवासाठी थांबले होते आणि अख्खं गाव बाबांसाठी. मोती पिकेपर्यंत शाळा सुटल्यावर त्या स्टुलावर मी बसले, आणि पुढे जन्मभर औषधांच्या दुकानातच उभी राहिले. गेल्या वर्षी माझ्याही डोळ्यातला मोतीबिंदू काढला. सकाळी गेले, दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला. आता पिकायची वाट कोणी पाहत नाही. ताईचं लग्न मंगळवारी लागलं, साडी पांढरीपेक्षा निळीच जास्त होती, आणि वऱ्हाडाला आईने डब्याच्या तळचा कुरडयांचा चुरा तळून वाढला. सुधाकरभाऊजींना त्या दिवशी तंगडी मिळाली. त्यांना ती खाता येईना. सवय मानेची झाली होती.

पण त्या रविवारी मी पुढे गेले, बाबांच्या हातून कागद घेतला, आणि वाचला. ताईचं नाव, बाबांचं नाव, बाळापूर, अमरावती, सगळं. शेवटी विचारलं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्यांनी उभं राहून सांगावं. माझ्याकडे पाहून दोघं-तिघं हसले. मग मला थांबायचं होतं. मी डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना मनात म्हणायला लागले. लहानपणापासून भाकरीच्या वासाकडे लक्ष ठेवून भरभर उरकलेली, ती त्या दिवशी एकेक शब्द धरून म्हटली. बाहेरून बस गेली, तिची धूळ आत आली. सुधाकरच्या आईच्या बांगड्या वाजल्या. बाबांचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. मी अजून प्रार्थनेच्या मध्यावर, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीपाशीच होते, इतक्यात शेजारून मोठ्याने आवाज आला, "आमेन!"

बाबा मला मागे टाकून शेवटाला पोचले होते. उभ्या जन्मात त्यांना घाई झालेली मी तेवढीच एकदा पाहिली.